आजारी नसताना फॅमिली डॉक्टरांकडे कसे जावे

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत आणि शहरांच्या जुन्या वस्त्यांत आजही असे दवाखाने आहेत, जिथे आजोबा, मुलगा आणि नात यांचे केस पेपर एकाच कपाटात सापडतात. आजोबांना हृदयविकाराचा झटका कोणत्या वयात आला होता हे त्या डॉक्टरांना ठाऊक असते, दुसऱ्या बाळंतपणानंतर सुनेची तब्येत किती दिवस सावरत नव्हती हे त्यांना आठवते, आणि घरातील कोणाला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे हे त्यांना नव्याने विचारावे लागत नाही. इतकी माहिती एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या संगणकातही एकत्र सापडणे कठीण. तरीही आपण या डॉक्टरांकडे जातो ते ताप, खोकला किंवा जुलाब झाल्यावर, आणि तीन दिवसांची औषधे घेऊन परततो. वर्षानुवर्षे जमत गेलेल्या त्या ओळखीचा खरा उपयोग आजार टाळण्यासाठी आणि मनावरचा भार वेळीच सांगण्यासाठी आहे. तो कसा करून घ्यावा, काय विचारावे, काय आग्रहाने मागावे आणि काय मागू नये, हे पुढे सविस्तर दिले आहे.

एकाच डॉक्टरांकडे सातत्याने जाण्याने फरक पडतो, ही केवळ भावनेची गोष्ट नाही. नॉर्वेमध्ये प्रत्येक नागरिकाच्या नावावर एका ठरावीक डॉक्टरांची नोंद असते. तेथील सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्यावर असे आढळले, की एकाच डॉक्टरांकडे १५ वर्षांहून अधिक काळ असलेल्यांमध्ये, पहिल्याच वर्षात असलेल्यांच्या तुलनेत, तातडीने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी होते. हा नोंदींवरून केलेला अभ्यास असल्यामुळे सगळे श्रेय त्या सातत्यालाच देता येणार नाही. पण ओळख जसजशी जुनी होत गेली तसतसा फरक वाढत गेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडची अडचण वेळेची आहे. विविध देशांतील प्राथमिक उपचारांच्या भेटींचा जो आढावा २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात भारतातील भेट सरासरी दोन मिनिटांच्या आसपास असल्याचे दिसते. बाहेर बाकावर पंधरा माणसे बसलेली असताना दोन मिनिटांत ना आजार टाळण्याविषयी बोलता येते, ना मनाविषयी. म्हणून पहिली सूचना अशी, की या दोन्ही कामांसाठी वेगळी वेळ मागून घ्यावी. दवाखान्यात फोन करून किंवा कंपाउंडरकडे निरोप ठेवून स्पष्ट सांगावे, की आजार काही नाही, तपासणी आणि थोडे बोलणे आहे, त्यासाठी वीस मिनिटे हवी आहेत आणि त्याची जी फी असेल ती देऊ. बहुतेक डॉक्टर दुपारी दवाखाना बंद होण्याआधीची किंवा एखाद्या कमी गर्दीच्या वाराची वेळ देतात. फीचा उल्लेख आपण होऊन करणे महत्त्वाचे आहे, कारण केवळ औषध किंवा इंजेक्शन दिले तरच पैसे द्यायचे आणि सल्ला फुकट मागायचा, या आपल्या सवयीमुळेच सल्ल्याला वेळ उरलेला नाही.

डॉक्टर निवडताना

ज्यांच्याकडे असे कायमचे डॉक्टर नाहीत, त्यांनी घरापासून जवळ असणारे, फोनवर सापडणारे आणि गरज पडेल तेव्हा पुढे पाठवायला न कचरणारे डॉक्टर शोधावेत. एमबीबीएस झालेले, आणि मिळाल्यास फॅमिली मेडिसिन या विषयात एमडी किंवा डीएनबी केलेले डॉक्टर असतील तर उत्तमच. महाराष्ट्रात आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेले अनेक डॉक्टर फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतात. त्यांची नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे, कोणत्या आजारांवर ते स्वतः उपचार करतात आणि कोणत्या वेळी तज्ज्ञांकडे चिठ्ठी देतात, हे सरळ विचारावे; त्यात कोणाचाही अपमान नाही. निवडीची माझी स्वतःची कसोटी थोडी वेगळी आहे. साध्या सर्दीला जे डॉक्टर ‘अँटिबायोटिकची गरज नाही, चार दिवसांत बरे वाटेल’ असे सांगतात, आणि अशक्तपणासाठी सलाईन लावा असा हट्ट धरल्यावर जे नम्रपणे नकार देतात, त्यांच्यावर विश्वास ठेवावा. रुग्ण नाराज होऊन दुसऱ्या दवाखान्यात जाईल हे माहीत असूनही जे हे सांगतात, ते पुढे मोठ्या निर्णयाच्या वेळीही खरे तेच सांगतील.

पहिली बिनआजाराची भेट

या भेटीला जाण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून एका कागदावर कुटुंबाचा आजारांचा इतिहास लिहून काढावा. आई, वडील, सख्खी भावंडे, तसेच दोन्ही बाजूंचे आजी-आजोबा यांपैकी कोणाला मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग, थायरॉईडचा विकार किंवा फिट्स यांचा त्रास होता, आणि तो कोणत्या वयात सुरू झाला, हे त्यात असावे. वयाची नोंद फार मोलाची असते. वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर पुढच्या पिढीचा धोका वाढलेला समजतात आणि कोलेस्टेरॉलची तपासणी लवकर सुरू करतात. त्याच कागदावर मनाच्या आजारांनाही जागा द्यावी. ‘काकांचे डोके फिरले होते’ किंवा ‘आत्या विहिरीत पडून गेली’ अशा शब्दांत घरात जे दबक्या आवाजात सांगितले जाते, ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण नैराश्य, बायपोलर आजार (कधी टोकाचा उत्साह, कधी खोल उदासी) आणि आत्महत्येचा धोका यांतही कौटुंबिक इतिहासाचा वाटा असतो.

कागदाबरोबर सध्या चालू असलेली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत. त्यात आयुर्वेदिक काढे, मेडिकलवाल्याने दिलेली गुडघेदुखीची गोळी, शेजाऱ्यांनी सुचवलेले चूर्ण आणि झोपेची गोळी हे सारे आले. घरात वृद्ध माणूस असेल, तर हे एकच काम संपूर्ण भेटीइतके उपयोगी ठरू शकते. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे आणि मधुमेहाचे वेगळे असले की एकाच औषधाच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या रोज घेतल्या जात असल्याचे पुष्कळदा तिथे उघडकीला येते.

काय तपासावे आणि काय तपासू नये

रक्तदाबापासून सुरुवात करावी, कारण तो वर्षानुवर्षे कोणताही त्रास न देता वाढलेला राहतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि मोजणी चालू असताना बोलू नये. दवाखान्यात जिना चढून आल्या आल्या घेतलेल्या एका आकड्यावरून आजाराचा शिक्का मारून घेऊ नये आणि ‘धावपळीमुळे वाढला असेल’ म्हणून तो विसरूनही जाऊ नये. वेगवेगळ्या दिवशीच्या मोजणीत रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक येत राहिला, तर तो उच्च रक्तदाब धरतात. घरी शांतपणे मोजलेल्या आकड्यांसाठी ही मर्यादा १३५/८५ आहे. घरी यंत्र असेल तर ते एकदा दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून घ्यावे.

मधुमेहासाठी उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ५.७ ते ६.४ या दरम्यान असेल, तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी आहे. फॅमिली डॉक्टरांचे खरे काम याच पायरीवर आहे, आणि इथेच ते सर्वांत कमी होते. अहवालावर आकड्यापुढे ठळक खूण नसली की आपण तो फाईलमध्ये ठेवून देतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारावे, की वजन किती कमी करायचे, जेवणातले नेमके काय बदलायचे आणि पुन्हा कधी तपासायचे. भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजनालाही मधुमेह होतो, म्हणून आपल्यासाठी बॉडी मास इंडेक्सची, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन किती आहे ते सांगणाऱ्या आकड्याची, मर्यादा २३ धरतात आणि कंबरेचा घेर पुरुषांसाठी ९० तर स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. कंबर मोजायला टेपपलीकडे काहीच लागत नाही. उपाशीपोटीची साखर १२६ वा त्याहून अधिक किंवा एचबीएवनसी ६.५ वा त्याहून अधिक आल्यास, लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून निदान पक्के करतात.

तोंडाची तपासणी आपल्याकडे अक्षम्यपणे दुर्लक्षित आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी तंबाखू, सुपारी आणि खर्रा यांचे सेवन सर्वत्र दिसते, आणि दात घासायला मिश्री वापरणाऱ्या स्त्रिया स्वतःला तंबाखू खाणारे समजतच नाहीत. त्यामुळे ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्या मनापासून ‘नाही’ असे उत्तर देतात. मिश्री लावत असल्यास ते आपण होऊन सांगावे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट न सोसणे, किंवा स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतके तोंड न उघडणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवावे. तंबाखू सोडायची असेल तर डॉक्टरांच्या मदतीबरोबर १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तिसाव्या वर्षापासून रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कर्करोग, तसेच स्त्रियांमध्ये स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी करायची असते, आणि ती आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत, मोफत उपलब्ध आहे. कर्करोगाच्या या तपासण्या ३० ते ६५ या वयात दर पाच वर्षांनी अपेक्षित आहेत. फॅमिली डॉक्टरांनी ही सोय स्वतः केलीच पाहिजे असे नाही. कोणाकडे पाठवायचे हे सांगितले आणि अहवाल नीट पाहिला, तरी काम होते. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लसीविषयी आवर्जून विचारावे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या ‘सर्व्हावॅक’ या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाल्यापासून तिचा देशी पर्यायही आहे. लसी म्हणजे बाळांच्याच, हा समजही सोडून द्यावा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाविरुद्धच्या लसीची, मात्रा असते, ती शाळेच्या धांदलीत हमखास राहून जाते. आणि वृद्ध, मधुमेही व दमेकरी माणसांनी फ्लूच्या वार्षिक लसीविषयी आणि न्यूमोनियाच्या लसीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता काय करू नये ते. वर्तमानपत्राबरोबर येणाऱ्या पत्रकांत साठ-सत्तर तपासण्यांचे ‘फुल बॉडी’ पॅकेज सवलतीत मिळते आणि मुले ते आईवडिलांना वाढदिवसाला भेट देतात. यामागची माया खरी असते, पण इतक्या तपासण्या निरोगी माणसाच्या केल्या, की दोन-तीन आकडे योगायोगाने मर्यादेबाहेर जातातच, आणि मग त्या आकड्यांच्या मागे सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि काळजीने उडालेली झोप असा प्रवास सुरू होतो. कर्करोगाच्या रक्तातील खुणा, म्हणजे ट्यूमर मार्कर, लक्षणे नसलेल्या माणसात सरसकट तपासण्याचा लाभ नाही. पॅकेज घेण्याआधी फॅमिली डॉक्टरांना यादी दाखवावी आणि यांतल्या कोणत्या तपासणीने माझ्या बाबतीत पुढचा निर्णय बदलणार आहे, असे विचारावे. जिचे उत्तर मिळत नाही ती तपासणी सोडून द्यावी.

मनाविषयी बोलताना

मराठी माणूस डॉक्टरांसमोर क्वचितच ‘मी उदास आहे’ म्हणतो. तो म्हणतो, की अंग दुखते, डोके जड होते, जेवण जात नाही, छातीत धडधडते, जीव घाबरल्यासारखा होतो, हातापायांना मुंग्या येतात, गॅस वर चढतो, कशातच लक्ष लागत नाही. ही बतावणी नव्हे. नैराश्य आणि चिंता यांचा त्रास शरीरात खरोखरच जाणवतो. नेमके याच कारणामुळे मनाच्या बहुतेक तक्रारी सर्वांत आधी फॅमिली डॉक्टरांकडेच पोहोचतात, आणि तिथे ओळखल्या गेल्या नाहीत तर बी-१२च्या इंजेक्शनांत, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांत आणि पुन्हा पुन्हा काढलेल्या ईसीजीत वर्षे निघून जातात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दहांपैकी सुमारे एका प्रौढाला त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत कोणताही उपचार पोहोचलेला नव्हता.

म्हणून शरीराची तक्रार सांगताना तिच्या जोडीला चार गोष्टी स्वतःहून सांगाव्यात: झोप कशी आहे, विशेषतः पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही असे होते का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस राहिला आहे का, हे किती आठवड्यांपासून चालले आहे, आणि त्याच सुमारास घरात किंवा कामावर काय घडले. डॉक्टर बहुधा आणखी दोन प्रश्न विचारतील, आणि त्यांनी नाही विचारले तर आपण स्वतःला विचारून उत्तर त्यांना सांगावे. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस कशातही आनंद किंवा रस वाटला नाही असे झाले का? बहुतेक दिवस खिन्न, निराश किंवा हताश वाटले का? जगभर वापरल्या जाणाऱ्या प्राथमिक चाचणीतील हेच दोन प्रश्न आहेत. त्यांनी निदान होत नाही, पण पुढे सविस्तर विचारण्याची गरज आहे की नाही हे कळते.

शब्द सुचत नसतील तर एवढे म्हणावे: “डॉक्टर, अंगदुखीचं औषध द्याच, पण मला मनाचंही थोडं बोलायचं आहे. आज गर्दी असेल तर कधी येऊ ते सांगा.” या एका वाक्याने डॉक्टरांचे काम सोपे होते. पुष्कळ डॉक्टरांना शंका आलेली असते. पण ‘मला काय वेडा समजता का’ असे उत्तर येईल या धास्तीने तेही विषय काढत नाहीत.

त्यानंतर चांगले फॅमिली डॉक्टर आधी शारीरिक कारणे तपासतात. थायरॉईडची कमतरता, रक्तक्षय, बी-१२ची कमतरता, अनियंत्रित साखर, दारू आणि काही औषधे यांमुळेही थकवा आणि उदासी येते. छातीत धडधडत असेल तर ईसीजी काढला जाईल. पण तपासण्या एकदा व्यवस्थित होऊन निर्दोष आल्या, की त्यावर थांबण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून कोणी बोळवण करत असेल, तर ‘मग हा त्रास कशाने होतो?’ असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे; आणि डॉक्टर ‘हा त्रास चिंतेमुळे आहे’ असे समजावत असतील, तर तिसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जाण्याआधी ते शांतपणे ऐकून घ्यावे.

फॅमिली डॉक्टर यावर काय करू शकतात, याचे एक उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने तेथील सरकारी प्राथमिक केंद्रांत आणि खासगी फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत एक प्रयोग केला. समुपदेशनाचे थोडक्यात प्रशिक्षण दिलेल्या, पण स्वतः डॉक्टर नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना आधार द्यायचा आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांनी औषध द्यायचे, अशी ती रचना होती. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत या मदतीमुळे बरे होणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले, खासगी दवाखान्यांत मात्र ही जादा मदत मिळालेले आणि न मिळालेले असे दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. मला त्याचा अर्थ असा वाटतो, की जिथे रुग्ण दर वेळी त्याच ओळखीच्या डॉक्टरांना भेटतो, तिथे उपचाराचा एक भाग त्या भेटीतच दडलेला असतो. त्याच संस्थेच्या पुढच्या अभ्यासात, २०१७ मध्ये, सहा ते आठ बैठकांच्या साध्या बोलण्याच्या उपचारानेही तीव्र नैराश्य कमी होत असल्याचे दिसले. त्या उपचाराचा गाभा एवढाच होता, की मन लागेपर्यंत थांबायचे नाही. पूर्वी समाधान देणारी कामे ठरवून, वेळापत्रकात लिहून, थोडी थोडी पुन्हा सुरू करायची. फॅमिली डॉक्टर असा आराखडा आपल्याबरोबर बसून करू शकतात: सकाळी वीस मिनिटे चालणे, बंद पडलेले भजनी मंडळ किंवा बचत गटाची बैठक, एका मैत्रिणीला फोन; आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेट. ही पुढची भेट चुकवू नये. उपचाराचे निम्मे बळ तिच्यात आहे.

बाळंतिणीविषयी वेगळे सांगितले पाहिजे. बाळ झाल्यावर पहिल्या काही दिवसांत रडू येणे सर्रास आढळते आणि ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही ती उदास राहत असेल, बाळ झोपलेले असतानाही तिला झोप येत नसेल, ‘मी चांगली आई नाही’ असे ती म्हणत असेल, तर ते नैराश्य असू शकते. बाळंतपण माहेरी होते, डॉक्टर सासरचे असतात, आणि लसीकरणाच्या भेटींत सगळ्यांचे लक्ष बाळावर असते. या फटीत आईकडे कोणीच पाहत नाही. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळी आईने किंवा तिच्या सोबत आलेल्या माणसाने डॉक्टरांना आईविषयीही एक मिनिट विचारायला लावावे.

गोळ्या सुरू झाल्यास

नैराश्यावरची एस्सिटालोप्रामसारखी औषधे लगेच काम करत नाहीत. गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते. नेमक्या याच काळात पुष्कळ लोक ‘औषध सोसले नाही’ म्हणून गोळी सोडून देतात. बरे वाटू लागल्यावरही सहसा किमान सहा महिने औषध चालू ठेवतात, आणि बंद करायचे तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करतात. या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही.

चटक लागते ती वेगळ्या गोळ्यांची. अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम यांनी पहिल्याच रात्री झोप लागते, म्हणून त्या लोकप्रिय आहेत. पण त्या थोड्या दिवसांसाठी असतात. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने त्या घेत राहिल्यास सवय जडते, वृद्धांचा तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, आणि एकदम सोडल्यास फिट येऊ शकते. अशी गोळी वर्षभर चालू असेल, तर ती लपवू नये आणि स्वतःच्या मनाने बंदही करू नये. दारूचेही तसेच आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने शपथ घेऊन एका दिवसात सोडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, भास किंवा फिट्स येऊ शकतात, म्हणून सोडण्याचा दिवस फॅमिली डॉक्टरांशी बोलून ठरवावा. पुण्यातील ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करत आहे, आणि अशा केंद्राकडे पाठवण्यासाठीही डॉक्टरांची चिठ्ठी व त्यानंतरचा त्यांचा पाठपुरावा उपयोगी पडतो.

एकाच घराचे डॉक्टर असण्यातली अडचण

जी ओळख बळ देते तीच कधी कधी तोंड बंद करते. ज्या डॉक्टरांकडे सासूबाई बसून तासभर गप्पा मारतात, त्यांना सुनेने घरातला छळ कसा सांगावा? ज्यांनी लहानपणी लस टोचली त्यांच्याशी एकोणीस वर्षांच्या मुलाने आपल्या व्यसनाविषयी किंवा लैंगिकतेविषयी कसे बोलावे? याचा तोडगा पहिल्याच वाक्यात आहे. “हे घरी कोणालाही कळता कामा नये, अशी खात्री असेल तरच बोलते,” असे म्हणावे आणि डॉक्टरांच्या उत्तराची वाट पाहावी. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक कर्तव्य आहे, आणि मानसिक आजाराबाबत तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्कच दिला आहे. जिवाला धोका असल्यासारखे मोजके अपवाद त्याला आहेत. डॉक्टर चांगले आहेत पण बोलायला जमत नाही, असे वाटले तर दुसऱ्या डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे चिठ्ठी मागावी. हिंसेच्या प्रसंगी स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत.

पालकांसाठीही एक विनंती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला दवाखान्यात घेऊन गेल्यावर पाच मिनिटे आपण होऊन बाहेर थांबावे आणि नंतर ‘काय बोललास?’ असे विचारू नये.

तातडी कशी ओळखावी

जगण्यात अर्थ नाही असे कोणी म्हणत असेल, तर ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो, ही भीती खरी नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटे ठेवू नये, शेतीची कीटकनाशके, गोळ्यांचा साठा आणि दोर हाताशी राहू देऊ नयेत, आणि त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरांना गाठावे. ते उपलब्ध नसतील तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास निःशुल्क चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. प्रयत्न झालेलाच असेल तर थेट रुग्णालय. पोलीस केस होईल या भयाने पुष्कळ घरे विषबाधेला ‘चुकून घेतले’ असे सांगतात आणि त्यामुळे नंतर मनावरचा उपचार होतच नाही. २०१७ च्या कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानायला सांगितले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न सरसकट गुन्हा ठरवणारे जुने ३०९ वे कलम उरलेले नाही. डॉक्टरांना खरे सांगावे.

आवाज ऐकू येणे, कोणी मारायला टपले आहे असा पक्का संशय, दिवसेंदिवस झोप न घेता अफाट उत्साह आणि उधळपट्टी, किंवा बाळंतिणीचे असंबद्ध बोलणे, ही फॅमिली डॉक्टरांच्या एकट्याच्या हातातली कामे नाहीत. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हवेत. फॅमिली डॉक्टरांकडून तपशीलवार चिठ्ठी घ्यावी. जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली उपचार मिळतात आणि ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तज्ज्ञांकडे गेल्यावर फॅमिली डॉक्टरांना सोडून देऊ नये. या आजारांवरच्या काही औषधांनी वजन व साखर वाढते, लिथियम हे बायपोलर आजारावरचे औषध घेणाऱ्यांना त्याचे रक्तातील प्रमाण, थायरॉईड आणि मूत्रपिंड वेळोवेळी तपासावे लागते, आणि हे सगळे घराजवळच्या दवाखान्यात होऊ शकते. आरोग्य विमा घेताना किंवा दावा करताना मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे विमा कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे, हेही लक्षात ठेवावे.

डॉक्टर निवृत्त होतात तेव्हा

जुने डॉक्टर दवाखाना बंद करणार असल्याचे कळले, की निरोपाच्या भेटीआधी त्यांच्याकडून प्रत्येक कुटुंबीयाचा एक पानाचा सारांश मागून घ्यावा: महत्त्वाचे आजार, शस्त्रक्रिया, अ‍ॅलर्जी, चालू औषधे, शेवटच्या तपासण्यांच्या तारखा आणि लसी. आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, काढला असेल तर अहवाल त्याला जोडून ठेवता येतात, पण कागदही ठेवावा. मनाच्या आजारावरची औषधे या सारांशात हमखास गाळली जातात, कधी डॉक्टरांच्या संकोचाने, तर कधी आपल्याच सांगण्यावरून. ती लिहायलाच लावावीत आणि कधी सुरू झाली तो महिनाही लिहून घ्यावा, कारण नव्या डॉक्टरांनी ती न कळता बंद केली किंवा जोडीला विसंगत औषध दिले, तर त्रास आपल्यालाच होतो. औषधे संपण्यापूर्वी किमान पंधरा दिवस नव्या डॉक्टरांची वेळ घ्यावी, आणि ती भेटही बिनआजाराची, वीस मिनिटांची मागावी.